मंगळ गाठला आणि डबे वाजले

भिण्याच्या बाबतीत मी हौशी नाही, सराईत आहे. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकं उभी राहतात, आणि गावच्या नाटकात खलनायक नेहमी मीच. स्टेजवर मी डोळे वटारले की पुढची पोरं रडतात. घरात आढ्यावरून पाल पडली की मी रडतो.

आमचं गाव ब्रह्मपुरीहून जीपने तासाभरावर. पुढे धान, मागे जंगल. त्या पावसाळ्यात वाघाने नाल्याजवळ एक कालवड मारली होती. तरीही, आपलं यान मंगळाला पोहोचणार त्याच सकाळी, आमच्या सौभाग्यवती शेजारच्या दोघींना घेऊन टेकडीमागे वास्ते आणायला निघाल्या. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. भाजी मलाच आवडते, हे तिने निघताना चारदा ऐकवलं.

"जाऊ नोको," मी म्हणालो. "आज टीव्हीवर मंगळ हाय."

"तुमी पाहा मंगळ. मंगळाची भाजी नाई होत."

जीव रमावा म्हणून मी समोरच्या भाऊंच्या ओसरीवर टीव्हीपुढे जाऊन बसलो. भीती विसरायला याहून वाईट जागा सापडली नसती. बातमीवाला सांगत होता, मोठं इंजिन कित्येक महिने बंद आहे. आता पेटलं नाही, तर यान मंगळाला चुकवून काळोखात निघून जाईल.

भाऊंनी हात कपाळाला लावला. "माहा ट्रॅक्टर आठ दिस उभा राह्यला तं ढकलल्याबिगर सुरू होत नाई. तिथी ढकलन कोन?"

माझा एक कान टीव्हीकडे होता, दुसरा जंगलाकडे. वनात गेलेल्या बायका अधूनमधून 'कूऽऽ' अशी हाक देतात आणि गावाच्या कडेचं कोणीतरी ओ देतं. त्या दिवशी ओ द्यायला मी होतो. दोन-तीनदा दिलीही. तेवढ्यात पडद्यावरचा माणूस म्हणाला, यान मंगळाच्या मागे गेलंय, आता त्याचा आवाज येणार नाही. आणि इकडे टेकडीमागची कूही थांबली. भाऊंनी पुढे केलेला चहा मी न पिताच परत त्यांच्या हातात दिला.

मग एकदम टीव्हीवरच्या त्या हॉलमधली माणसं उठली, टाळ्या, मिठ्या. पोहोचलं! पहिल्याच प्रयत्नात! भाऊंनी खुंटीवरचा तेलाचा रिकामा डबा काढला आणि काठीने बडवायला सुरुवात केली. आमच्याकडे ओसरीवर डबा असतोच. आनंदात हाताला दुसरं लागणार काय? पलीकडच्या ओसरीवरून दुसरा डबा, तिसरा, कोणी परात, कोणी घमेलं. मी भाऊंच्या टेबलावर दोन्ही हातांनी ताल धरला.

भाऊंच्या घरातून वहिनी पिठाचे हात घेऊन धावत आल्या. "कुठी आला? कुठी आला?"

"मंगळावर!" भाऊ ओरडले.

"वाघ?"

सगळ्या आळीचे डबे थांबले. आमच्या गावात डबा वाजतो तो एकाच कारणासाठी. वाघ दिसला की डबे बडवायचे, म्हणजे तो जंगलात पळतो. आणि डबे ऐकले की जंगलात असलेल्यांनी एका जागी गोळा व्हायचं, तोंड मिटायचं, हलायचं नाही; कारण पळणारं जनावर त्यांच्याच दिशेने येतं.

"बायका तिकडंच हायेत नं?" वहिनी हळू म्हणाल्या.

मी गावाच्या कडेला धावलो आणि जीव तोडून कूऽऽ केलं. उत्तर नाही. देणारच नव्हत्या. आता आम्ही जितकं ओरडू तितक्या त्या घट्ट बसणार, कारण वाघामागे गाव ओरडतंच. खोट्या वाघाची आवई आम्ही उठवली होती. खरा कुठे होता, ते कोणाला ठाऊक? तो त्या बाजूला असेल, तर आम्ही त्याला सरळ बायकोच्या अंगावर हाकललं होतं.

भाऊ आणि मी निघालो. डबा नाही, आरडाओरडा नाही. बांबूचं पान हललं तरी मी भाऊंच्या मागे. नाल्याची ओली रेती ओलांडताना माझी चप्पल दोनदा सुटली.

टेकडीच्या पायथ्याशी मी भाऊंना कानात विचारलं, "वाघ असला म्हंजे मानूस काय करत नाई?"

"गानं म्हनत नाई," भाऊ म्हणाले.

बस्स. मी आमच्या नाटकातलं खलनायकाचं विनोदी पद लावलं. नायिकेला पळवून नेतानाचं, ठसक्याचं. आवाज मात्र असा निघाला, जणू मलाच कोणी पळवून नेतंय. एक कडवं झालं. काही नाही. दुसरं. काही नाही. तिसऱ्याला शब्द आठवेनात, मी नुसतं आ आ करत राहिलो.

टेकडीमागून आवाज आला, "सूर चुकून राह्यला जी!"

मी तिथेच खाली बसलो. भाऊंनी आभाळाकडे पाहून हात जोडले. मंगळाला की कोणाला, ते त्यांनाच माहीत.

तिघी एका खडकावर पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. बायकोच्या मुठीतला विळा सुटता सुटत नव्हता. "कुठी होता वाघ?"

"वाघ नाई. यान पोचलं मंगळावर."

तिने विळा गाठोड्यात खोचला. "मंग डबे काऊन बडवले? मंगळावर वाघ हाय का?"

आम्ही हसत नाल्यापर्यंत आलो. रेतीत आमच्या येतानाच्या पावलांची रांग होती. माझ्या चपलेच्या ठशावर, नेमक्या मधोमध, ताटलीएवढा पंजा उमटलेला होता. त्यात पाणी अजून झिरपत होतं.

बायकोने वास्त्यांचं गाठोडं छातीशी धरलं, माझा सदरा मागून मुठीत घट्ट आवळला आणि कुजबुजली, "गानं म्हना जी. जोरात म्हना."

लग्नापासून आजवर तिने मला गायला सांगितलं, ते एवढंच एकदा. गावची वेस येईपर्यंत मी थांबलो नाही.