शोभाचा आवाज

फोन आमच्याकडे नव्हताच, तो शेजारच्या देशपांडेकाकूंकडे आला. काकू पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शोभाच्या कारखान्यातून फोन आहे, तुम्ही या जरा..." त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच मी तशीच अनवाणी धावले. जेवणाच्या सुट्टीत तिच्या छातीत दुखायला लागलं, उल्हासनगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. शोभा माझी धाकटी बहीण. लग्न केलं नाही, कात्रपला माझ्याच घरी राहिली आणि लहान असून जन्मभर मलाच दटावत आली. आता सव्वा महिना होत आला. घर इतकं गप्प झालंय की मला त्या गप्पपणाचाच राग येतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात लागली. एमआयडीसी म्हटलं की लोकांना केमिकलच आठवतं, पण तिथे विमानात बसवायची यंत्रं व्हायची. मी एकदा विचारलं, "तू तिथे करतेस काय गं नेमकं?" ती पोळ्या लाटत होती, मी भाजत होते. म्हणाली, "विमान जमिनीच्या फार जवळ गेलं की पायलटला सावध करणारा डबा करतो आम्ही. डबा खाली लहर सोडतो, ती जमिनीवर आपटून परत येते. जितकी लवकर परत आली, तितकी जमीन जवळ." मग लाटणं माझ्यावर रोखून म्हणाली, "आणि तुझी पोळी करपतेय." तिचं सगळंच असं. ज्ञान द्यायचं आणि लगेच चूकही दाखवायची.

आधी त्या डब्यात नुसती शिट्टी वाजायची. नव्वदच्या आसपास कधीतरी बोलणारा डबा करायचं ठरलं. पहिल्यांदा ऑफिसातल्या टायपिस्ट मुलीचा आवाज भरून पाहिला. पोरगी गोड गळ्याची, रेडिओवर शोभेल अशी. इंजिनिअर म्हणाले, ही 'पुल अप' म्हणते ते 'चहा घेणार का' म्हटल्यासारखं वाटतं. कारखान्याचे मालक उल्हासनगरचे सिंधी, त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठ म्हणाले, "अरे साईं, शोभाबाई को बोलो ना. वो आवाज देती है तो पायलट क्या, प्लेन खुद ऊपर जाएगा." खोटं नव्हतं ते. शोभाचा गळा आमच्या आईचा, भाताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. तर तिचा आवाज भरला. 'पुल अप, पुल अप' म्हणून झालं आणि दोन-तीन सेकंद उरले. बाईसाहेबांना रिकामी जागा कुठली सोसायला? तिने आपलं पुढे जोडलं, "अहो, वर घ्या ना!" सगळे हसले, आणि चाचणीच्या त्या डब्यात ते तसंच राहिलं. गिऱ्हाइकाला मात्र पुरुषाचाच आवाज हवा होता, त्यामुळे पुढचे डबे दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात गेले. शोभा घरी येऊन म्हणाली, "बाईने ओरडलेलं ऐकायची सवय नाही म्हणे त्यांना. यांच्या घरी बायका नाहीत वाटतं?" चार दिवस धुमसत होती.

ती गेल्यावर फोटो काढून बसायचा मला नादच लागला. चेहरा अगदी समोर उभा राहायचा. पण एका सकाळी दूध उतू गेलं, आणि आता शोभा काय म्हणाली असती ते मनात आणायला गेले तर शब्द आठवले, आवाज आठवेना. किती डोळे मिटले, कान लावले... छे. त्या दिवशी मी खरी घाबरले. ती गेली तेव्हाही इतकी घाबरले नव्हते. घरातल्या सगळ्या कॅसेटी लावून पाहिल्या, सगळ्यांत गाणी. शेवटी माझ्या मुलाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट लावली. त्यात शोभा आहे, चांगली दोन-तीनदा आहे. वाढप्यांना झापतेय, हातवारे करतेय, तोंड अखंड चालू. आणि शूटिंगवाल्याने वरून सिनेमाची गाणी टाकलेली. एक अक्षर ऐकू येईल तर शपथ. मेल्याने सगळं वऱ्हाड मुकं करून ठेवलंय.

कारखान्यात शोभाच्या शेजारच्या टेबलावर बसणारी कुंदा त्याच आठवड्यात हेंद्रेपाड्याहून मला भेटायला आली. तिला हे सांगताना मला रडू आवरेना. कुंदा म्हणाली, "ताई, तिच्या आवाजाचा तो पहिला डबा आहे अजून कपाटात. शेठना विचारते मी. याल का?"

गेले. शोभाच्या स्टुलावर एक नवी मुलगी होती, ती उठून मला जागा देऊन बाजूला झाली. डबा केवढासा, पोळ्यांच्या डब्याएवढा. कुंदाने त्याला वायरी जोडल्या आणि काट्याची एक तबकडी नि तिचं गोल बटण माझ्यापुढे सरकवलं. टेबलावर खरं विमान कुठून येणार, तेव्हा विमानाची खोटी उंची त्या बटणाने ठरवायची. "काटा लाल खुणेच्या खाली गेला, म्हणजे विमान जमिनीवर आदळायला आलं, की ती बोलते," कुंदा म्हणाली. "तो खाली आहे तोवर बोलतच राहते. वर नेला की गप्प."

मी बटण फिरवलं. काटा हळूहळू उतरला, लाल खुणेपाशी आला, खाली गेला.

"पुल अप, पुल अप. अहो, वर घ्या ना!"

तीच. शेवटच्या 'ना'वर चिडायची ती खोडसुद्धा तीच. मी असं कसं विसरले होते हा आवाज? ती पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली, दम न घेता म्हणत राहिली. कुंदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताई," ती हळूच म्हणाली, "घ्या आता वर."

मी बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि विमान खालीच राहू दिलं.