वाणाच्या सुऱ्या

गेल्या रविवारी साताऱ्याला आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. यंदा वाण म्हणून मी छोट्या सुऱ्या दिल्या... लसूण सोलायला, बटाट्याचे डोळे काढायला, दोडक्याच्या शिरा खरवडायला लागते ना, तेवढीशी सुरी.

प्लॅस्टिकच्या डब्या आणि साबणदाण्या घेऊन-देऊन कंटाळा आला होता. वाटलं, रोज हातात येईल असं काहीतरी द्यावं. फक्त स्वस्त मिळायला हवं आणि महिन्याभरात मोडायला नको.

आधी बाजारातून तीन प्रकारच्या आणल्या आणि आठवडाभर स्वतः वापरून बघितल्या. दातेरी पात्याची टोमॅटोला छान, पण आल्याची साल काढताना निम्मं आलंच सालीबरोबर जायचं. रंगीत मुठीची दिसायला गोड, पण ओल्या हातातून सटकायची आणि पातं मुठीत जेमतेम अडकवलेलं. तिसरी साधी, काळ्या खरखरीत मुठीची, बिनदातेरी, पात्याला टोपण. अंगठ्याशी धरून गाजर सोललं तर साल पातळ निघत होती. किंमत पन्नासच्या आत. तीच घेतली.

घरातले हसत होते. नवरा म्हणाला, "जमीन घेताना एवढी चौकशी केली नव्हती कुणी."

जमिनीचा विषय निघाला आणि मी सुऱ्या आवरायला घेतल्या... दोन वर्षांपूर्वी रहिमतपूरकडच्या शेताची वाटणी झाली. मळ्यातल्या घरात मधोमध भिंत आली. तेव्हापासून भाऊ-भाऊ कामापुरतं बोलतात, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, आमच्याकडे आलेल्या नाहीत. यंदा मी धीर करून फोन केला होता. "बघते," एवढंच म्हणाल्या होत्या.

रविवारी सकाळी शेजारच्या काकू मदतीला आल्या. ताटात मांडलेल्या सुऱ्या बघून थबकल्या.

"अगं, धारेची वस्तू वाण म्हणून?"

म्हटलं, "काकू, रोज लागते की."

"बाकीच्यांचं चालेल गं. पण जाऊ येणार आहे ना तुझी? तिच्या हातात सुरी देणार? तुमचं आधीच हे असं..."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. निदान नाही असं मी समजत होते. पण काकू गेल्यावर मी कपाट उघडलं, स्टीलची एक नवी कोरी वाटी काढली आणि आक्कांसाठी बाजूला ठेवली. विश्वास नव्हता, तर भीती कसली वाटत होती?

दुपारी आक्का आल्या. पिशवीत गाजरं, हरभऱ्याचे डहाळे, उसाची कांडकी. मी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाटी हातात ठेवली. त्यांनी वाटीकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या बायकांच्या हातांकडे. मग ताटाकडे... ताटात अजून कितीतरी सुऱ्या होत्या.

माझ्या तेव्हा लक्षात आलं की मी काय करून बसलेय.

चहा ठेवायला आत गेले तर त्या मागून आल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"समद्यास्नी सुरी, आन् मला तेवढी वाटी. का गं वैशाली?"

काहीतरी जुळवून सांगता आलं असतं. सुऱ्या कमी पडल्या म्हणावं, तर ताट दिसतच होतं. शेवटी खरं ते सांगितलं... की धारेची वस्तू तुम्हाला दिली आणि आपल्यात उरलंसुरलंही तुटलं तर, म्हणून.

चहा उतू जायला आला, तो त्यांनीच गॅस बारीक करून थांबवला.

"मला वाटलं, ही अजून परकी धरतीया. येताना एसटीत तेच डोक्यात. जावं का नगं, जावं का नगं." मग म्हणाल्या, "आगं, मदी भिंत घातली तवा तुटलं न्हाई. एवढ्याश्या सुरीनं काय तुटतंय? आण हिकडं."

सुरी आणली. त्यांनी हातात घेतली नाही, म्हणाल्या, "खाली ठेव." मी ओट्यावर ठेवली, मग त्यांनी उचलली. म्हणजे त्याही थोडं मानत होत्याच...

पिशवीतलं एक गाजर काढून त्यांनी उभ्या-उभ्या सोललं. "मूठ बरी हाय. घसरत न्हाई. कुणी निवडली?"

"मी."

"मग शिकलीस म्हणायची. लग्नानंतर लसूण सोलताना नखं तोडून घेत हुतीस."

आम्ही दोघी हसलो. बऱ्याच काळाने. वाटी परत घ्यायला मी हात पुढे केला, तर त्यांनी ती पिशवीत टाकली. "ऱ्हाऊ दे. चुकीचा दंड."

निघताना उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "येत्या रविवारी, रथसप्तमीच्या आत, माझ्याकडं बी हळदीकुंकू हाय. लवकर ये, पुरणाच्या कामाला. भावाभावांचं काय ते त्यांचं ती बघतील."

तेव्हापासून एकच विचार घोळतोय. नातं तुटू नये म्हणून मी एका माणसाला चारचौघींतून बाजूला काढलं, आणि ते जपणं आहे असं मला खरंच वाटलं होतं. आक्कांनी मनात ठेवून परत एसटी धरली असती, तर मला कधी कळलंही नसतं. त्यांनी स्वयंपाकघरात येऊन विचारलं... त्याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून शनिवारीच जातेय. पुरणाला डाळ त्यांनी भिजवायच्या आत पोचायचंय.