मोठ्या गोळीची रायफल अन काळ्या मातीची भिंत

मपली पोस्टिंग ट्रेनिंग सेंटरला झाली तवा घरचे लई खुश झाले. त्याच्या आधी मी बॉर्डरला व्हते, वाळूत, फोन बी लागायचा न्हाई. हे सेंटर लातूर अन नांदेडच्या मधी. नाव सांगत न्हाई. चाकूरहून येणारी एसटी जवळच थांबायची, तेवढं पुरं.

मी कॉन्स्टेबल व्हते. शिक्षण दहावी, ती बी कशीबशी. मला लिहिता येत न्हाई नीट, म्हणून बोलते तसंच लिहून राहिले. लेकरू झोपलंय, उठायच्या आत सांगते. हे मी कुणापुढं पुरतं बोलले न्हाई. बोलायला लागले की धाप लागती, मालक म्हणत्यात राहू दे, मंग ऱ्हाऊन जातं.

सेंटरचं काम रोजचंच. सकाळी पीटी, मंग परेड, मंग कोतमधून हत्यार काढायचं, म्हंजी हत्याराच्या खोलीतून, रेंजला जायचं, परत येऊन हत्यार साफ करून जमा करायचं. रेंजवर दोन ठिकाणं असत्यात. एक फायरिंग पॉइंट, तिथून गोळी मारत्यात. दुसरं बट, म्हंजी निशाणाच्या बुडाशी खोदलेला खंदक. तिथं आपलीच माणसं बसत्यात. गोळी त्यांच्या डोक्यावरून जाती, निशाण फोडती अन मागच्या बांधात घुसती. खालचे लोक दोरीनं निशाणाची फ्रेम खाली वढत्यात, छेद कुठं पडला ते बगत्यात अन सेटवर सांगत्यात. सेट म्हंजी वायरलेस. खंदकाच्या पुढून मातीची भिंत असती. त्या भिंतीच्या भरवशावर माणूस खाली बसतंय.

आमच्या रेंजची भिंत काळ्या मातीची व्हती. मुरूम लांबून आणावा लागला असता, म्हणून हाताखालची माती टाकून दाबलेली. काळी माती तुमच्या वळखीची हाय. पावसात फुगती, उन्हाळ्यात तडकती, कोपरापातुर हात आत जाईल अशा भेगा. दर साली पाऊस पडला की भेगा बुजायच्या अन सगळे म्हणायचे, भिंत चांगली हाय. जुन्या रायफलींना ती पुरत बी व्हती.

त्या उन्हाळ्यात सेंटरला मोठ्या गोळीची, लांब पल्ल्याची रायफल घ्यायची ठरली. पैसे मंजूर झालेले थोडे. साहेबांचा बोर्ड बसला, म्हंजी कमिटी. तीन रायफली बगायच्या, फायर करून, अन एक निवडायची.

आमचे उस्ताद हवालदार व्हते, भोकरकडले, मिशीवाले. फायर तेच करणार व्हते. आदल्या दिवशी कोतसमोर आम्हाला बसवून तिन्ही रायफली दाखवल्या. पहिली परदेशी, लांबलचक, पल्ला सगळ्यात जास्त, किंमत बी. दुसरी आपल्याकडं बनलेली, वजनाला बरी, पण लांबच्या निशाणावर गोळ्या पांगायच्या. तिसरी मधली. रायफल एका कंपनीची, वरची दुर्बीण दुसऱ्या कंपनीची, स्वस्तातली. जोडून किंमत बसवलेली.

"उस्ताद, हीच घेणार बगा," महानंदा म्हणली. "साहेबांच्या नजरेत भरली."

"पोरी, म्हैस घ्यायला गेल्यावर सगळे दूध इचारत्यात," उस्ताद म्हणले. "पेंड कुणी इचारत न्हाई. ह्या रायफलीची पेंड म्हंजी गोळी. एकेक गोळी महाग. रायफल घेतली अन सरावाला गोळ्या न्हाईत, तर ती दसऱ्याला पूजा करायच्या कामाची. अन दुर्बीण धक्क्यानं हलली तर डोळा कुणाचा बी असू द्या, उपेग न्हाई."

"मंग तुम्ही बोर्डाला सांगा की."

"मला कोण इचारतंय? मी घोडा दाबणारा."

महानंदा हसली. ती हमेशा हसायची. शिरूर अनंतपाळकडली, लिंगायताची, गळ्यात लिंगाचं चांदीचं करडं, म्हंजी डबी, वर्दीच्या आत. आम्ही दोघी एकाच बॅरकमधी, खाटंला खाट लागून. घरनं शेंगाची चटणी आणायची अन मला म्हणायची, "कोमे, लपवून खा, न्हाई तर हैदराबादवाल्या संपवत्यात."

मला दिवस गेलेले तिला एकटीलाच म्हाईत व्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या कोर्सला मपलं नाव लागणार व्हतं, अन सांगितलं की नाव कटणार. फायरच्या दिवशी बटची ड्यूटी मपली व्हती, फायरिंग पॉइंटवरच्या सेटची तिची. सकाळी बूट बांधता बांधता ती म्हणली, "फ्रेमा वढायच्या असत्यात. खंदकात उतरायचं, चढायचं. तुला न्हाई जमायचं."

"जमतंय ग."

"जमतंय म्हणं! काल दोनदा उलटी झाली तुला. सेट तू घे, बटला मी जाते."

"उस्तादांना सांगावं लागंल."

"काय सांगशील? कामून बदलली म्हणून? गप बस."

आम्ही कुणाला सांगितलं न्हाई. ती अन शबाना बटला गेल्या. शबाना नांदेडची, नवीन भरती. मी फायरिंग पॉइंटला सेट घिऊन बसले, उस्तादांच्या मागं.

सहाला फायर सुरू व्हायचं व्हतं, कमांडंट साहेब यायला उशीर झाला. ऊन चढलं. मोठ्या रायफलीच्या तोंडातून लई हवा सुटती, धूळ उडती, म्हणून पुढं पोत्यावर टँकरचं पाणी मारलेलं. ते बी वाळून गेलं. लांबचं निशाण उन्हानं हलून राहिलं, पाण्यात दिसावं तसं.

पहिली रायफल झाली. धक्का असा की मपल्या पोटात जाणवला, मी बसल्या जागी मागं सरकले. दुसरी झाली. सेटवर महानंदा सांगायची, बरोबर ड्यूटीच्या भाषेत. "बट से फायरिंग पॉइंट. निशान, बीच में. ओवर." मी पुढं सांगायची. मधी कुणी ऐकत नसलं की हळूच मराठीत म्हणायची, "पाणी पी ग बाई."

तिसरी रायफल. पहिली गोळी मधोमध. दुसरी तिच्या शेजारी. बोर्डाचे साहेब लोक एकमेकांकडं बगून मान हलवायले. कंपनीचा माणूस, गळ्यात टाय, घाम पुसून हसला. स्वस्त बी हाय अन मारती बी.

तिसरी गोळी सुटली. सेट वाजला.

"बट से फायरिंग पॉइंट. निशान नहीं. गोली नीचे लगी. दीवार से मिट्टी गिरी है हमारे ऊपर. ओवर."

मी उभी राहून मोठ्यानं सांगितलं. "सर, बट बोल रही है, गोली नीचे लगी. दीवार की मिट्टी गिरी है."

उस्तादांनी गाल रायफलीवरून उचलला. दुर्बीण हातानं हलवून बगितली. "साहब, दूरबीन ढीली हुई है."

कंपनीचा माणूस खिशातून चावी काढून पळत आला अन आवळायला लागला. "बस, हो गया सर. टाइट है."

"साहब, कस दी है, लेकिन अब गोली कहाँ जाएगी भरोसा नहीं," उस्ताद म्हणले. "पहले नजदीक से जीरो करें."

जीरो म्हंजी जवळच्या निशाणावर गोळ्या मारून दुर्बीण परत जुळवायची. त्याला गोळ्या लागत्यात. मिळालेल्या गोळ्या थोड्याच उरल्या व्हत्या, अन त्या हिशोबाच्या. कमांडंट साहेब घड्याळाकडं बगत व्हते. वाईट माणूस नव्हते, असं मी आज बी म्हणते. ऊन झालेलं, बोर्ड संपवायचा व्हता.

"एक राउंड और," ते म्हणले. "ऊपर पकड़ के." म्हंजी नेम जरा वर धरून.

हुकूम म्हंजी हुकूम. उस्ताद परत पालथे झोपले रायफलीमागं.

मी सेटचं बटन दाबलं. "फायरिंग पॉइंट से बट. एक राउंड और. नीचे रहना. ओवर." अन मला ऱ्हावलं न्हाई, मी मराठीत म्हणले, "महानंदा, खाली बस ग. भिताडाला टेकू नको."

तिचा आवाज आला, हसत. "खालीच हाव ग. ह्या भेगांत आमच्या शबानाची पेन गेली, ती काढून राहि—"

गोळी सुटली.

सेटचं असं असतं की एकानं बटन दाबून धरलं की दुसऱ्या कुणाला बोलता येत न्हाई. तिचा अंगठा बटनावरच राहिला. मी बटन दाबून दाबून बोलवून राहिले, मपला आवाज जातच नव्हता. तिकडून नुस्तं ऐकू यायचं. माती पडल्याचं, लई येळ, बारीक बारीक. मंग कुणीतरी खोकलं. मंग सेटची नुस्ती सूं सूं, रिकामी.

बटमधून लाल झंडी वर आली. शबानानं उचलली व्हती. उस्ताद रायफल सोडून पळाले. मी पळाले. पोटात लेकरू हाय हे मी इसरले.

गोळी भिंतीच्या वरच्या कडंला लागली व्हती, भेगंत. कड फुटून आत आली. मातीतला दगड व्हता, काळा, मुठीएवढा. दगडच लागला तिला, कानामागं. ती भिंतीच्या बुडाशी बसलेली व्हती, पाय पोटाशी घिऊन, अंगावर सगळी माती. हॅन्डसेट हातात. डॉक्टर आले. दवाखान्यापातुर ती जिती पोचली न्हाई.

तिच्या गावी तिला नेलं. त्यांच्यात जाळत न्हाईत, मातीत बसवत्यात. जंगम स्वामी आले, मांडी घालून बसवली तिला, तळहातावर लिंग ठिवलं. आमची गार्ड गेल्ती सलामीला. इन्स्पेक्टर साहेबांनी हुकूम दिला, शोक शस्त्र. आम्ही रायफली उलट्या केल्या. त्याच्यापुढं हवेत फायर असतो. तिची माय उठली. बारीक बाई, डोक्यावर पदर. सरळ साहेबांपुढं येऊन उभी राहिली.

"साहेब, आता बंदूक नका वाजवू लेकरावर."

साहेब उभेच. त्यांना मराठी कळत व्हतं का न्हाई म्हाईत न्हाई, पण तेवढं कळलं. त्यांनी फायरचा हुकूम दिला न्हाई. आम्ही रायफली उतरवल्या.

मंग चौकशी बसली. तीन साहेब, दुसऱ्या सेंटरचे. शबानाच्या डोळ्यात माती गेल्ती, तिला काही दिसलं नव्हतं. खोलीबाहेर मला आमच्याच सेंटरचा एक जण म्हणला, नीट समजावून, "बेटी, सीधी बात है. लड़की ने सिर ऊपर उठाया होगा देखने के लिए. वही लिख देंगे तो सब निपट जाएगा." डोकं वर काढलं म्हंजी चूक तिची. मंग ती ड्यूटीवर गेली असं कागदावर म्हणत न्हाईत, हलगर्जीपणा म्हणत्यात. मायला मिळायचे पैसे अडकत्यात. अन गावात लोक म्हणणार, पोरगी उगंच वाकून बगत व्हती.

ते नुस्तं मलाच म्हाईत व्हतं की तसं नव्हतं. पण सांगायचं म्हंजी ड्यूटी न सांगता बदलली ते बी सांगावं लागणार, अन कामून बदलली ते बी. मपली नोकरी, मपलं कोर्सचं नाव. मालकांना फोन केला तर म्हणले, तुला पटल ते कर, मी हाव. मला रात्री झोप न्हाई, मी पोटावर हात ठिवून पडून राहायची.

आत गेले. सावधानमधी उभी राहिले.

"उसका सिर ऊपर था?" साहेबांनी इचारलं.

"नहीं सर."

"तुम फायरिंग पॉइंट पर थी. तुमको कैसे पता?"

"सर, सेट खंदकात खाली कोनाड्यात असतो. हॅन्डसेटची वायर वीतभर हाय. उभं राहून बोलताच येत न्हाई. गोळी सुटली तवा ती मपल्याशी बोलून राहिलती." हिंदी कुठं गेली मपली, मराठीतच बोलत सुटले, लिहिणारा बाबू लातूरचा व्हता, तो लिहीत गेला. "अन सर, ती जागा मपली व्हती. मला दिवस गेलेत. म्हणून ती गेली."

मंग मधले साहेब म्हणले, "चलकर देखते हैं." सगळे रेंजला गेले. एक साहेब सोता खंदकात उतरले, हॅन्डसेट कानाला लावला अन उभं राहायला गेले. वायर ताणली, हॅन्डसेट हातातून सुटला. ते परत खाली बसले. बसून समोर भिंतीकडं बगत राहिले. भेगंत त्यांचा हात गेला, घड्याळासकट.

तिची चूक न्हाई असं लागलं. ड्यूटीवर गेली असं लागलं. मला ताकीद मिळाली, कोर्समधून नाव गेलं, बाळंतपणानंतर मी राजीनामा दिला. भिंत मुरमाची बांधली म्हणत्यात. रायफल दुसरीच घेतली, आपल्याकडं बनलेली, अन उरलेल्या पैशाच्या गोळ्या. उस्तादांनी त्याच्यानंतर फायर केलं न्हाई, कोतच्या दारात बसायची ड्यूटी मागून घेतली.

मला आज बी भ्या वाटतं. कुकरची शिट्टी संपली की मागून जी सूं सूं येती, तेवढ्यात मी हातातलं टाकून उभी राहते. मालक गॅस बंद करत्यात.

लेकरू सहा महिन्याचं झालं तवा मी शिरूर अनंतपाळला गेले. महानंदाच्या मायनं लेकरू घेतलं, कपाळाला विभूती लावली. मी चहा घेतला. मंग माय खाली बगतच म्हणली, "कोमल, शेवटाला ती भ्याली व्हती का ग?"

"न्हाई माय. हसत व्हती."

"कशाला हसत व्हती?"

"पेन पडली व्हती कुणाची तरी, भेगंत. ती काढून राहिलती."

माय जराशी हसली. "तशीच व्हती. धाकटी व्हती तवा विहिरीत माझं भांडं पडलं, तर आत उतरली, कुणाला न इचारता. मारलं व्हतं मी तिला लई."

तिनं लेकरू छातीशी धरलं अन आत चुलीकडं घिऊन गेली, दूध तापवायला. मी वसरीतच बसून राहिले. आतून तिचा आवाज येत व्हता, लेकराशी बोलून राहिलती, महानंदा कशी चालायला शिकली ते सांगून राहिलती.