सगळ्यांच्या मागची नोरीन

शर्यतीत पहिला कोण आला, हे किलदूनात दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. शेवटी कोण आलं, हे मात्र वर्षभर चघळलं जातं. कारण त्या शेवटच्याच्या मागे पिवळं जाकीट घालून आणि खांद्यावर खराटा टाकून नोरीन डर्कन येत असते. ती दिसली की समजायचं, रस्ता झाडून झाला, मागे कुणी राहिलं नाही, आता सूप वाढायला घ्या. शेवटच्याला सोडायचं नाही आणि त्याच्या पुढेही जायचं नाही, हा तिचा नेम. गावातली पोरं तिला शर्यतीचं शेपूट म्हणतात. तिच्यासमोर म्हणत नाहीत, कारण गावातली निम्मी डोकी तिच्या कात्रीखाली येतात आणि उरलेली तिच्या जिभेखाली.

शर्यत असते ऑक्टोबरात, ओहोटी जुळेल त्या रविवारी, गावच्या बचावनौकेच्या मदतीसाठी. चर्चपासून निघायचं, समुद्रातल्या रस्त्यानं इनिशकॉर बेटावर जायचं, बेटाला वळसा घालून त्याच रस्त्यानं परत यायचं. हा रस्ता ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला बुडतो. नोरीनचा धाकटा भाऊ कोलम याच रस्त्यावर भरतीत गेला. बेटावरून नाचाला निघाला होता, अलीकडचे दिवे दिसत होते, पाणी घोट्याएवढं होतं. एकोणीस वर्षांचं पोर! त्या दिवशी त्याच्या मागे कुणी असतं तर, हा एकच विचार नोरीनच्या डोक्यात घर करून बसला, आणि शर्यत सुरू झाली त्या वर्षी तिनं खराटा उचलला तो आजतागायत खाली ठेवलेला नाही.

भरतीचा हिशोब तिच्या नवऱ्याकडे, मॅलकीकडे. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो स्वतःही तसंच समजतो, हीच तर पंचाईत.

त्या वर्षी शेवटी होते फर्गल मास्तर. गावाला बाराखडी यांनीच शिकवली, नोरीनला आणि कोलमलाही. खुबा नुकताच बदललेला. बायको ऊना वसंतात गेली, तिची लाल लोकरी टोपी डोक्यावर. ऊना दर वर्षी पळायची आणि हे महाशय वाटेवर उभे राहून तिच्या पळण्यावर टोमणे मारायचे. आता तिची शर्यत आपण पुरी करायची, पळता नाही आलं तरी चालत, पण स्वतःच्या पायांवर, असं त्यांनी तिच्या कबरीपाशी कबूल केलं होतं.

"नोरीन, तुला घाई असेल तर हो पुढे," बेटाला वळसा घालून उतरताना मास्तर म्हणाले.

"मी पुढे गेले तर शेपूट कुणाला म्हणतील, मास्तर? चला गुपचूप. श्वास चालायला ठेवा, बोलायला नको."

"शाळेत तर तुझं तोंड बंद करता करता मी म्हातारा झालो."

समुद्रातला रस्ता लागला तेव्हा बाकीचे सगळे केव्हाच पार झाले होते. एक चतुर्थांश वाट चालून झाली असेल, नोरीनच्या बुटात गार काहीतरी शिरलं. तिनं खाली पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही कडांवरून पाणी आत सरकत होतं, मांजरासारखं, आवाज न करता.

असं कसं? मॅलकी म्हणाला होता, दुपारी एकपर्यंत रस्ता कोरडा. अजून तर बाराच वाजताहेत.

आणि मग तिला आठवलं. सकाळी उठल्या उठल्या स्टुलावर चढून तिनंच स्वयंपाकघरातलं घड्याळ तासभर मागे केलं होतं. भरतीचं वेळापत्रक छापतात हिवाळी वेळेनं. उन्हाळाभर घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून छापलेल्या वेळेत एक तास मिळवायचा, ही किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाडीमासी खिळलेली सवय. पण उन्हाळी वेळ संपून नेमकी आज पहाटेच घड्याळं मागे आली. आज तास मिळवायचाच नव्हता. मॅलकीनं मिळवला. जे पाणी त्याच्या हिशोबानं एकला यायचं, ते आत्ता आलं होतं.

"मास्तर, मागे फिरा!"

"काय?"

"भरती लागलीय. मॅलकीचा तास चुकला. बेटावर परत चला, आत्ताच्या आत्ता!"

मास्तरांनी समोर पाहिलं. पलीकडे चर्चचं टोक दिसत होतं, रंगीत पताका दिसत होत्या. कुणीतरी किनाऱ्यावरून जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकत होतं.

"आता मागे फिरू? समोर दिसतंय की सगळं. आणि पाणी तर घोट्याएवढंच आहे गं."

घोट्याएवढंच. नोरीनच्या कानात कुणी शिसं ओतावं तसं झालं. तिनं त्यांची बाही धरली, ती त्यांनी सोडवून घेतली. सहा फुटी माणूस, वर हट्टी. तिनं ओढून काय होणार होतं?

"मध्ये रस्ता खचलाय, मास्तर! तिथं कमरेच्या वर पाणी असेल आणि ओढ असेल. तुमचा खुबा लोखंडाचा आहे, तुम्ही नाही!"

"ऊनाला शब्द दिलाय मी."

"ऊना असती तर तिनं तुमच्या कानफटात मारली असती!"

"असती तर," मास्तर म्हणाले आणि चालू लागले.

नोरीननं खराट्याचा दांडा बाजूला टेकवून पाहिला. नडगीपर्यंत भिजला. ती ओरडली, विनवण्या केल्या, शेवटी अस्सल बंदरावरची शिवी हासडली. मास्तरांची लाल टोपी पुढे पुढेच जात होती. हाच रस्ता, हेच पाणी, आणि या वेळी ती मागे हजर असून काडीचा उपयोग नाही! मग तिला एकाएकी राग आला, मास्तरांचा, मॅलकीचा, कोलमचासुद्धा. रस्त्याच्या कडेला मैलाचा बुटका दगड होता, त्यावर तिनं बैठक मारली.

"जा मग!" ती गरजली. "मी बसलेय इथं. मी काही यायची नाही. आता शेवटची मी आहे, मास्तर. शेवटच्याला टाकून चालला आहात तुम्ही. पोहोचलात की सांगा गावाला!"

टोपी थांबली.

नोरीननं खराटा मांडीवर आडवा घेतला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. पाणी तिच्या पिंढऱ्यांना लागत होतं, बोटं बधिर झाली होती. पुढे गेला तर हा माणूस मेला, आणि मी इथून उठले नाही तर मीही, एवढं तिला लख्ख कळत होतं. तरी ती उठली नाही.

मास्तर वळले. येताना ते अडखळले, एकदा गुडघ्यावर पडले, टोपी वाहून जाता जाता त्यांनी झडप घालून धरली. तिच्यापाशी येऊन त्यांनी टोपी पिळली.

"शाळेतसुद्धा अशीच बसायचीस तू. फतकल मारून."

"उठवायला तुम्हीच यायचात. हात द्या."

एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ते बेटाकडे निघाले. पाणी गुडघ्यांवर आलं, मांड्यांना लागलं. प्रत्येक पावलाआधी नोरीन खराट्यानं रस्ता चाचपत होती. खडबडीत उतार पायाला लागला तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं. मैलाचा दगड दिसत नव्हता. तिथं वाकून तिला भडभडून ओकारी आली.

बेटावर दारांना कुलपं कुणी लावत नाही. पहिल्याच घरात शिरून तिनं शेगडी पेटवली, मास्तरांना घरमालकाची कोरडी विजार चढवली, चहा केला आणि मॅलकीला फोन लावला. "जिवंत आहोत," एवढंच म्हणून ठेवून दिला. त्याच्याशी बोलायची तिची तयारी नव्हती.

अर्ध्या तासात बचावनौका धडधडत बेटाच्या धक्क्याला लागली. नौकेचा तांडेल डेक्लन हात पुढे करून उभा राहिला, आणि मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

"बोटीसाठी पैसे जमवायला चाललो आणि बोटीतच बसून परत येऊ? शर्यत बाद होईल माझी."

"मास्तर, रस्ता आता अंधार पडल्यावर उघडेल!"

"मग अंधारात चालीन."

डेक्लननं आशेनं नोरीनकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "मला यांच्या पुढे जाता येत नाही. एक विजेरी दे, आणि गावाला सांग सूप गरम ठेवा."

दिवस मावळला. सहा वाजून गेल्यावर रस्त्यावरचं पाणी ओसरू लागलं. रस्ता पुरता उघडा पडल्याशिवाय नोरीननं मास्तरांना उंबरठा ओलांडू दिला नाही. मग दोघं निघाले. मधल्या खचलेल्या भागापाशी अजून डबकं होतं, आणि त्या डबक्यात, मांडीपर्यंत भिजलेला, हातात कंदील घेऊन मॅलकी उभा होता. ओहोटीच्या मागोमाग, पाणी पुरतं सरायच्या आधीच तो एक एक पाऊल पुढे आला होता.

"अरे मूर्खा!" नोरीन किंचाळली. "अर्ध्या पाण्यात? याच रस्त्यावर? मी अजून किती माणसं घालवायची रे इथं?"

मॅलकीचे ओठ निळे पडले होते. चाळीस वर्षांच्या संसारात भरतीच काय, मीठ कमी पडलं तरी कबूल न करणारा माणूस.

"चुकलो गं मी," तो म्हणाला. "तास मिळवला. कोलमचा रस्ता, आणि मी तास मिळवला."

नोरीनला त्याला मारावंसंही वाटलं आणि धरावंसंही. तिनं नुसता त्याच्या हातातला कंदील सरळ केला.

"बाजूला हो. मास्तरांना शर्यत पुरी करायचीय."

मॅलकी बाजूला झाला. मास्तर पुढे गेले, त्यांच्या मागे नोरीन. पलीकडे चर्चपाशी पताका अजून तशाच होत्या आणि अख्खं गाव विजेऱ्या घेऊन उभं होतं. थोडं चालल्यावर तिला पाठीमागून चुबुक चुबुक आवाज आला. ओल्या बुटांचा. ती थबकली. इतक्या वर्षांत या रस्त्यावर तिच्या मागे कधी कुणी नव्हतं.

"चल तू," मागून मॅलकी म्हणाला. "आज मी आहे मागे."

नोरीननं खांद्यावरचा खराटा काढून मागे न बघताच त्याच्या हातात दिला आणि ती चालू लागली.