मामाच्या पिस्तुलाची हलकी नळी

माझा मामा आंधळगावात कोसा विणतो. कोसा म्हणजे जंगलातल्या कोषांचं रेशीम. हा धागा मोठा लहरी. मन लागलं तर दिवसभर सरळ चालतो, नाही तर घडीघडीला तुटतो. मामाचा स्वभावही असाच आहे, यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. मामाला मात्र कोणी विचारलेलं नाही.

त्याच्या घरी तीन माग. त्यातला एक खिडकीपाशी, बाकीचे दोन आत अंधारात, दिव्याच्या भरवशावर. कोशाचा तुटलेला धागा सांधायला उजेड लागतो, म्हणून खिडकीपाशी घरातला पहिला विणकर बसतो. तो कोण, हे ठरवायची रीत माझ्या आज्यानं, म्हणजे मामाच्या बापानं घालून दिली. अशी रीत मी दुसऱ्या कोणत्याच घरात पाहिली नाही.

आज्याजवळ एक छर्ऱ्याचं पिस्तूल होतं. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा घालायचा आणि उडवायचा. तरुणपणी तो या पिस्तुलानं तळ्याच्या पाळीवर होले आणि तितर मारायचा. पुढं शिकारीवर बंदी आली आणि पिस्तूल पेटीत गेलं. तेव्हापासून ते वर्षातून एकदा, दसऱ्याला बाहेर निघतं. आडवा धागा नेणारा धोटा, फणी आणि कातरीच्या शेजारी त्याची पूजा होते. मग मागच्या अंगणातल्या भिंतीवर एक लिंबू ठेवतात आणि खिडकीपाशी बसणारा दहा पावलांवरून त्यावर नेम धरतो. लागलं तर जागा आणखी एक वर्ष त्याची. चुकलं तर उठायचं आणि पुढच्याला बसवायचं. आज्या म्हणायचा, "ज्या हाताले निंबू सापडत नाई, त्या हाताले धागा काय सापडन?" एका दसऱ्याला त्याचंच लिंबू चुकलं. त्याच दुपारी त्यानं आपली बसायची पोतडी उचलून आतल्या मागावर नेली. त्या दिवसापासून मामा खिडकीपाशी आहे.

मागच्या दसऱ्याला मामाचा छर्रा लिंबाला चाटून गेला. लिंबू डुललं, पण पडलं नाही. साल खरचटली म्हणजे लिंबू लागलं, असा निकाल देण्यात आला. निकाल देणाराही मामाच होता. मामी तेवढी म्हणाली, "वा! वकीलबी तुमीच अन् जजबी तुमीच." यावर मामानं वर्षभर एकच पालुपद धरलं. नळी जड आहे, जुनी आहे, हात खाली ओढते, त्यात आपला काय दोष?

पुढची पाळी होती मामाच्या सुनेची. मामाचा पोरगा तुमसरच्या भातगिरणीत जातो, मागाच्या वाटेला तो कधी गेलाच नाही. वहिनी मात्र विणकराच्याच घरातली, आणि तिचा हात असा की व्यापारी आधी तिची साडी उलगडून बघतात. मामा ते जाणून होता. म्हणूनच यंदाचं लिंबू त्याला काहीही करून पाडायचं होतं. चाळीसेक वर्षांची जागा कोणाला सोडवते?

दसऱ्याला पंधरा दिवस उरले असताना त्याचा मला फोन आला.

"भासा, नागपूरले जाऊन राहिलो. नळी घ्याची हाये. तू चाल."

"मी कायले? मले त्यातलं काय समजते?"

"तू सायन्सचा मास्तर हायेस ना बे?"

मी मोहाडीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. मामाच्या हिशेबी बिघडलेला मिक्सर, चंद्रग्रहण आणि पिस्तुलाची नळी एकाच खात्यात येतात. मी सुटी टाकून गेलो.

नागपूरच्या दुकानदारानं जुनं पिस्तूल कौतुकानं न्याहाळलं आणि त्यावर बसणाऱ्या तीन नळ्या काचेवर मांडल्या. एक सगळी पोलादाची, होती तशीच जड. दुसरी आतून पातळ पोलादाची आणि वरून ॲल्युमिनियमची, हाताला अगदी हलकी. तिसरीही हलकीच, पण आखूड, आणि दिसायला सगळ्यांत झकास.

मामानं खिशातून कोशाचा धागा काढला. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मामानं धाग्याच्या टोकाला एक बारकी टाचणी बांधली, ती नळीत सोडली आणि धागा हळूहळू दुसऱ्या बाजूनं ओढून काढला. पहिल्या दोन्ही नळ्यांतून धागा जसाच्या तसा आला. तिसरीतून मात्र तो कुसं उठलेला निघाला.

"हिच्या आतमंदी खरखर हाये," मामा म्हणाला. "कोसा खोटं बोलत नाई."

दुकानदारानं बॅटरी लावून आत डोकावलं आणि ती झकास नळी मुकाट्यानं खाली ठेवून दिली. मी मास्तर असूनही माझ्या डोक्यात हे आलं नसतं. मला मामाचा अभिमान वाटला, पण तसं म्हणालो असतो तर बसमध्ये नागपूरपासून घरापर्यंत तेच ऐकावं लागलं असतं.

उरल्या दोन. मामानं दोन्ही आळीपाळीनं दोन बोटांवर तोलल्या, धोटा निवडताना तोलतो तशा. धोटा हलका असला की हात थकत नाही आणि धागाही कमी तुटतो, हे तो पन्नास वर्षं पाहत आलेला. त्यानं हलकी नळी उचलली.

"काका, एक सांगू?" दुकानदार म्हणाला. "धोटा पळतो. नळीला एका जागी थांबावं लागतं. जड नळी थांबते. हलकी नळी हाताबरोबर हलते."

"पन माया हात कुठी हालते?" मामा म्हणाला.

नववीच्या पोरांना जडत्व शिकवणारा मी तिथं शेजारीच उभा होतो. जड वस्तू सहजासहजी हलत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या दिवशी मला ते आठवलंच नाही, कारण मामा खूश होता आणि मला भूक लागली होती.

पुढच्या रविवारी मी आंधळगावला गेलो, तेव्हा मागच्या अंगणात सराव चालला होता. नवी नळी बसवलेलं पिस्तूल मामानं उचललं. हात आता खाली ओढला जात नव्हता, पण नळीचं टोक थरथरत होतं. बारीकच, पण एकसारखं. जुन्या नळीच्या वजनाखाली ही थरथर इतके दिवस झाकली गेली होती. चार छर्रे गेले, चारही भिंतीत. पाचव्याला मामानं मनगट दुसऱ्या हातानं धरलं, मग माझ्याकडे पाहून सोडून दिलं.

"नवी हाये," तो म्हणाला. "बसाले वेळ लागन."

"हौ, नव्या चपलेसारखी," मी म्हणालो. तो हसला नाही. एरवी माझ्या प्रत्येक टोमण्याला त्याच्याकडे दोन तयार असतात.

मी चहाच्या निमित्तानं आत गेलो. चुलीपाशी वहिनी होती. मी तिला हळूच विचारलं, "मामाचा हात कवापासून असा आहे?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. "होळीपासून, भाऊजी. तुटलेला धागा मामाजीले सांधता येत नाई. तसाच अडकवून ठेवते. दुपारी ते निजले का मी जाऊन गाठी मारून येतो." आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. "कोनाले सांगू नोका. यंदाचा कोसा लई गुनाचा हाये, तुटतच नाई, असं ते सगळ्याइले सांगून राहिले."

मी चहा तसाच ठेवला. मघाचा टोमणा मला गिळून टाकावासा वाटला.

दसऱ्याला मी सकाळीच पोचलो. माग त्या दिवशी बंद असतात, त्यांना झेंडूची माळ घातली होती. पूजा झाली, सगळे मागच्या अंगणात जमले. मामीनं भिंतीवर लिंबू ठेवलं. ते तिनं बाजारातून चांगलं मोसंबीएवढं शोधून आणलं होतं.

"एवढं मोठं?" मामा म्हणाला. "टरबूजच ठेवाचं होतं."

"भेटलं असतं तर ठेवलं असतं," मामी म्हणाली.

मामानं दहा पावलं मोजली. मी लहान पावलं टाकून मोजून देतो म्हटलं, तर म्हणाला, "मास्तर, दसऱ्याच्या दिवशी तरी इमानदारी ठेव." मग त्यानं हात उचलला. नळीचं टोक थरथरत होतं. वहिनीनं डोळे मिटून घेतले. मामाचं लिंबू चुकावं म्हणून नव्हे, ते लागावं म्हणून ती पुटपुटत होती, हे मी शेजारून ऐकलं.

फट्ट आवाज झाला आणि लिंबू भिंतीवरून खाली पडलं.

एकच गलका उठला. मामीनं टाळ्या वाजवल्या, मामाच्या पोरानं मोबाइल काढला, वहिनी तर लहान मुलीसारखी उडी मारून हसली. मी धावत लिंबू उचलायला गेलो. मामाही माझ्या मागोमाग आला. लिंबाखालच्या विटेचा कोपरा नुकताच उडाला होता. छर्रा विटेला लागला होता आणि धक्क्यानं लिंबू घरंगळलं होतं. लिंबावर ओरखडाही नव्हता.

हे फक्त आम्हा दोघांना दिसत होतं. "मामा," मी कुजबुजलो, "खिशात टाका. कोनी पायलं नाई."

मामानं माझ्या हातातून लिंबू घेतलं. मला वाटलं, आता ते खिशात जाणार. तो वळला आणि हात वर करून सगळ्यांना दाखवलं.

"निंबू साबूत हाये," तो म्हणाला. "छर्रा इटेले लागला."

"पडलं ना पन!" वहिनी म्हणाली. "पडलं म्हनजे लागलं, मामाजी."

"तू वकिली नोको करू. घरात एक वकील हाये तेवढा बस."

मामा आत गेला. आम्ही सगळे त्याच्या मागे. खिडकीपाशी जाऊन त्यानं मागावरची माळ नीट केली, मग वाकून आपली पोतडी उचलली आणि काखेत धरली. आतल्या मागावरची वहिनीची पोतडी आणून त्यानं स्वतः तिथं अंथरली.

"मामाजी, मी नाई बसत," वहिनी म्हणाली. "नळीच खराब हाये. जुनी बसवून पुन्हा मारा."

"नळी चांगली हाये. जुनी नळी मले खोटं सांगत होती." मामानं मागावर ताणलेल्या अर्ध्या विणलेल्या साडीवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "हे पाय. ही गाठ. अन् ही. मी आयुष्यात एवढी बारीक गाठ मारली नाई. होळीपासून पाहून राहिलो मी. रोज दुपारी डोये मिटून पडतो, अन् तुया पायाचा आवाज आयकतो."

वहिनीनं पदर तोंडाला लावला.

"बस," मामा म्हणाला. "अन् डोये पूस आधी. धागा दिसनार नाई."