मागून आणलेल्या चिंध्या

परवा सांगलीत, आमच्या राहत्या घरी, भरदिवसा व्याकरणाचा खून झाला. हत्यार कात्री, आरोपी आमचं कुटुंब... आणि पश्चात्ताप शून्य.

मयत म्हणजे विद्यार्थीदशेपासून जपलेली माझी संस्कृतची टिपणं. लढाईमुळे कागद मिळत नाही, हे मान्य. पण "दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे, आता त्याचा काय उपयोग?" हा युक्तिवाद मी कुठल्याही शास्त्रात वाचलेला नाही. मी पोचेपर्यंत साऱ्या विभक्तींचे षट्कोन होऊन गेले होते... संबोधन तेवढं कपाटामागे पडल्यामुळे बचावलं.

षट्कोन कशाला, तर दुपट्यासाठी. कागदाचा सहा कोनांचा तुकडा कापायचा, त्यावर चिंधी दुमडून कच्चा टाका घालायचा. असे तुकडे कडेला कड लावून शिवत जायचे आणि सगळीकडून शेजारी मिळाले की आतला कागद ओढून काढायचा. कागद जातो, आकार राहतो.

ही विद्या आमच्या हिला मिरजेच्या दवाखान्यात एका नर्सने शिकवली. गेल्या वर्षी आमची कमल, आमची मुलगी, तिथे बाळंत झाली, तेव्हा खाटेशेजारी बसून ही शिकली. वीतभर तुकडा शिवून झाला... बाळ काही राहिलं नाही. त्याच्या आधीचंही राहिलं नव्हतं.

आता कमल पुन्हा माहेरी आली आहे. सातवा लागलाय.

ज्या घरी मुलं जगत नाहीत, तिथे येणाऱ्या बाळाला नवं कापड लावायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. जिची सगळी लेकरं हयात आहेत, अशा लेकुरवाळीच्या घरून चिंध्या मागून आणायच्या आणि त्यांचं दुपटं करायचं. बाळाच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने मागितल्या तर अधिक बरं, असंही मला सांगण्यात आलं. हा भाग कुटुंबाने जागेवरच रचला असावा, असा माझा संशय आहे... तिचे गुडघे दुखतात.

तर मुंजीनंतर प्रथमच मी भिक्षेला निघालो. रेशनच्या दिवसांत चिंधीसुद्धा कुणी सहज सोडत नाही, पण कमलचं नाव काढलं की हात सुटायचे. सांगलीतली घरं झाली, मग मोटारीने इस्लामपूर गाठलं. तिथे गावाबाहेर उसाच्या रानात हौसाबाई राहतात. त्यांचे चारही मुलगे माझ्याकडे शिकलेले... म्हणजे वर्गात बसलेले.

"आवं मास्तर, तुमी? आनि पिशवी घिऊन? गूळ पायजे व्हय?"

मी काय ते सांगितलं. हौसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "लय शिकल्यालं मानूस, आनि दारात चिंध्या मागतंय! बसा, पानी घ्या." त्यांनी आतून गाठोडं आणलं, गाठ सोडली... आणि हात तसाच राहिला.

"मास्तर, समदी जित्ती असल्याली आईच लागती न्हवं?"

"हो."

"मग माझ्या घरची नगा नेऊ."

तिघे मुलगे समोर उसाला पाणी पाजत होते. दुसरा, सदाशिव, पलटणीत, ब्रह्मदेशाकडे कुठेतरी. "दिवाळीपास्नं पत्तर न्हाई त्येचं. कुनी इचारलं तर चार म्हनते मी. पर तुमच्या लेकीच्या बाळाचा सवाल हाय. चार का तीन, मला तरी कुठं ठावं?"

नको म्हणावं, तर त्या आईसमोर तिच्या मुलाला मेलेल्यांत मोजणारा पहिला माणूस मी ठरणार. घ्यावं, तर इकडे माझी लेक. मी कसल्या रीतीभाती मानत नाही, असं चारचौघांत ठणकावून सांगणारा मी... पिशवीचं तोंड घट्ट धरून बसलो होतो.

शेवटी पिशवी पुढे केली. "चारच म्हणा, हौसाबाई. आणि एक तुकडा घाला."

त्यांनी गाठोडं तळापर्यंत उपसलं. निळ्या चौकड्यांचा तळहाताएवढा तुकडा काढून पिशवीत टाकला. "त्येच्याच सदऱ्याचा हाय," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. "जावा आता, मोटार चुकंल."

घरी आल्यावर कुटुंबाने प्रत्येक चिंधी उचलून विचारलं, "या घरची सगळी हयात ना?" निळ्या तुकड्याच्या वेळी मी खोटं बोलणार होतो. जमलं नाही. झालं तसं सांगितलं.

तिने तो तुकडा बराच वेळ मांडीवर ठेवला. बोटाने सुरकुती काढत बसली. मला वाटलं, आता बाजूला टाकील... तिने त्याला कागद लावला.

"पुन्हा त्या बाजूला गेलात तर हौसाबाईंना सांगा, मधोमध लावलाय म्हणावं."

हौसाबाईंचे उपकार मी कसे फेडू? त्या मला फसवू शकल्या असत्या. रिकामं पाठवूही शकल्या असत्या.

आता दुपटं वाढतंय. सगळं घर बाळासाठी देव पाण्यात घालून बसलंय आणि मीही त्यांच्यात मान डोलावतो. पण गेल्या खेपेला कमल शुद्धीवरच येत नव्हती, तेव्हा डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलत होते... ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नातवंड मला नको आहे असं नाही. पण मला कमल हवी आहे. ती यातून उठेल की नाही, याची मला फार भीती वाटते.