कुठल्या देशाचा खोकला

बालरोगांवरच्या संशोधनात कुठल्या देशाचा वाटा किती, हे माझी वर्गमैत्रीण आम्हा पनवेलच्या डॉक्टरांना पडद्यावर दाखवत होती. आम्ही दोघी एकाच बाकावर बसून डॉक्टर झालो. ती परदेशी गेली, मी इथंच दवाखाना थाटला. शोधनिबंध लिहिणाऱ्याचा पत्ता जिथला, त्या देशाच्या खात्यात तो मोजतात म्हणे. जितके निबंध, तितकं त्या देशाचं वर्तुळ मोठं; तिच्या नव्या देशाचं चांगलं टम्म फुगलं होतं. दम्यावरचा तिचा गाजलेला निबंधही त्यातच. त्यातली मुलं मात्र कळंबोलीची, लोखंडबाजाराच्या धुळीत खोकणारी. त्यांना तपासून सगळ्या नोंदी मीच तिला पाठवल्या होत्या. माझा नुसता जळफळाट झाला. टाळ्या थांबल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "अगं, तुमच्या देशानं आता जरा मनावर घ्यायला हवं!"